जेवणाच्या टेबलावरचा रणगाडा

आमच्या जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा गेले काही महिने माझा आहे. तिथे जुनं वर्तमानपत्र पसरलेलं असतं, त्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा, दोन ब्रश, भुवयांचा एक जुना चिमटा आणि नखं घासायची पट्टी. नवीन पाहुण्यांना वाटतं, बाई मेंदी-नेलपॉलिशची हौशी दिसतात. मग डब्याचं झाकण उघडलं की आतून रणगाड्याची चाकं निघतात आणि पाहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो!

तेव्हा आज पाककृती नाही, विणकामाचे टाकेही नाहीत. आज लढाऊ वाहनांचे आणि विमानांचे प्लॅस्टिकचे नमुने कसे जोडायचे ते सांगणार आहे. "हा काय बायकांचा विषय?" असं म्हणून पान उलटू नका. यात लागणारं निम्मं सामान तुमच्या शिवणाच्या डब्यात आणि उरलेलं स्वयंपाकघरात आहे. आणि लागणारी चिकाटी? ती तर आपल्याला जन्मजातच असते, असं घरातले सगळे समजून चालतात!

झालं असं की, मार्चमध्ये आमच्या चिरंजीवांचा तेरावा वाढदिवस झाला. मामानं 'सेंच्युरियन' रणगाड्याचा संच भेट दिला. एवढंसं खोकं, पण आत शंभराच्या वर तुकडे. सासूबाईंनी पाहिलं मात्र, म्हणाल्या, "मुलाच्या हातात चांगलं काही द्यायचं सोडून हे मारामारीचं खेळणं कशाला?" खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. पण माहेरची भेट, बोलणार कोण?

स्वारीनं तीन दिवसांत रणगाडा उरकला. उरकला हाच शब्द बरोबर. सगळ्या अंगावर डिंकाचे ठसे, एक चाक मोडलेलं, बुरूज कलता. चौथ्या दिवशी "मला नाही जमत" म्हणून तो कचऱ्याच्या डब्याशी पोचला. मी खूप बोलले. "मामानं एवढे पैसे घातले, तुला किंमत नाही," वगैरे वगैरे. शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे बोलायचा सराव दांडगा. मात्र रणगाडा टाकवेना. बिस्किटाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवून दिला.

मे महिन्यात शाळेला सुटी. दुपारी सगळे झोपलेले. सहज डबा काढला, खोक्यातली माहितीची घडी उलगडली आणि लक्षात आलं की चिरंजीवांचं चुकलं ते हातांनी नव्हे, घाईनं चुकलं. "जरा नीट करून तर बघू" म्हणून बसले, ती दिवेलागणीलाच उठले. त्या दिवशी घरात चहा तासभर उशिरा झाला!

आधी थोडं मापाविषयी

खोक्यावर '१/३५' किंवा '१/७२' असं छापलेलं असतं. म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा किंवा बहात्तरावा हिस्सा. विमानांसाठी १/७२ हे माप जुनं आहे. सहा फुटांना एक इंच, असा हा सोपा इंग्रजी हिशेब. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीनं १९५३ साली स्पिटफायर विमानाचा संच काढला, तो याच मापाचा. वूलवर्थच्या दुकानांत तो दोन शिलिंगाला पिशवीत घालून मिळे. रणगाड्यांच्या १/३५ ची कथा मात्र गमतीची आहे. जपानच्या टामिया कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा केला. पोटात बॅटऱ्या आणि मोटर मावली पाहिजे, त्या बेतानं त्याचा आकार ठरला. पुढे मोजून पाहिलं, तर तो साधारण पस्तिसावा हिस्सा भरला. आज जगभरच्या कंपन्या त्याच मापाचे रणगाडे काढतात. म्हणजे भांड्याच्या मापानं पदार्थ ठरला म्हणायचा!

आमचा सेंच्युरियन म्हणजे ब्रिटिश बनावटीचा, जवळजवळ पन्नास टनांचा रणगाडा. १९६५ आणि १९७१ च्या दोन्ही युद्धांत तो आपल्या सैन्यात होता. खरा तोफेसकट पावणेदहा मीटरच्या आसपास लांब. टेबलावर तो अठ्ठावीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पोळपाटावर मावेल एवढा होतो. साडेपाच फुटांचा माणूस या मापात पावणेपाच सेंटिमीटरचा, म्हणजे करंगळीएवढा. हे करंगळीचं माप लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

साहित्य

एक सपाट पात्याचं छोटं कटर, एक धारदार सुरी, बारीक पॉलिश पेपर (४००, ६०० आणि १००० नंबरचा), चिमटा, शून्य आणि दोन नंबरचे ब्रश, कपड्यांचे चिमटे, रबरबँड आणि जुना टूथब्रश. रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्या. वास कमी, ब्रश पाण्यानं धुता येतात. चिकटवायला प्लॅस्टिक मॉडेलसाठी मिळणारं 'सिमेंट' हवं. हे संच पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. सिमेंट ते प्लॅस्टिक किंचित विरघळवतं आणि दोन तुकडे एकमेकांत मुरतात, जोड जवळजवळ एकजीव होतो. म्हणून थेंब टाकायचा नाही, फक्त ब्रशचं टोक टेकवायचं. जास्त झालं की वर ठसा उमटलाच समजा.

फेविकॉलनं हे प्लॅस्टिक पक्कं चिकटत नाही. पण विमानाच्या पारदर्शक काचेला तोच उत्तम, कारण सिमेंटनं किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदानं काच धुरकट होते. आणि एक कळकळीची सूचना : नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन या प्लॅस्टिकच्या जवळपासही आणू नका. मी एका चाकावरचा डाग त्यानं पुसायला गेले आणि चाकाचा चघळलेला गोळा झाला.

कृती

तुकडे ज्या चौकटीला लागून येतात, ती चौकट आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घालून टूथब्रशनं धुवा. साच्यातून सुटावं म्हणून कधी कधी तुकड्यांना तेलकटपणा असतो, त्यावर रंग धरत नाही. पाणी कढत नको, बारीक तुकडे वाकतात.

तुकडा हातानं पिळून तोडायचा नाही. कटरनं थोडं दूर कापा, मग उरलेली गाठ सुरीनं आणि पॉलिश पेपरनं साफ करा. लागेल तेवढाच तुकडा सोडवा. सगळे एकदम सोडवून ताटात घेतलेत की तांदूळ-डाळ एकत्र झाल्यासारखं होतं, निवडत बसा!

चिकटवण्याआधी प्रत्येक जोड कोरडा लावून पाहायचा. बसतो ना? मगच सिमेंट. मग रबरबँड किंवा कपड्यांचा चिमटा लावायचा आणि उठायचं. हो, उठायचं! भाकरीचं पीठ मळा, वह्या तपासा, काहीही करा, पण परत परत हात लावून बघू नका. या कामात अर्धं कौशल्य हात आवरण्यात आहे.

जुन्या चुका कशा निस्तरल्या तेही सांगते. डिंकाचे ठसे आधी ४०० नं, मग ६०० नं, शेवटी १००० नं पाण्यात भिजवून घासले, गेले. फटींत झटपट गोंदाचा थेंब आणि अंगाला लावायची पावडर कालवून भरली, वाळल्यावर घासली. बिघडलेल्या चाकाची मात्र काळजी होती. सेंच्युरियनला एका बाजूला सहा मोठी चाकं असतात आणि वरून पत्र्याच्या झडपा. ते चाक झडपेमागे लपवलं. देवानं झडपा दिल्या आहेत त्या उगीच नव्हेत.

रंग देताना आधी करड्या प्रायमरचा पातळ हात, मग ऑलिव्ह हिरवा. रंग दुधाइतका पातळ असावा, बासुंदीसारखा नको. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत आणि मध्ये पुरतं वाळू द्यावं. चिन्हं आणि आकडे कागदावर चिकटलेले येतात. ती लावायच्या जागी आधी चकचकीत वॉर्निश लावा, म्हणजे कडा दिसत नाहीत. चिन्ह अर्धा मिनिट पाण्यात, मग ओल्या ब्रशनं कागदावरून जागेवर सरकवायचं आणि सुती फडक्यानं टिपायचं. शेवटी सगळ्यावर मंद वॉर्निश.

महिन्याअखेरीस रणगाडा तयार झाला. हिरवागार, स्वच्छ, एकही ठसा नाही. चिरंजीव दोन दिवस भोवती घुटमळले, तिसऱ्या दिवशी न सांगता ब्रश धुऊन ठेवू लागले. मी जिंकले असं मला वाटलं. तिथेच माझी चूक झाली.

काका आले

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पंच्याहत्तरीच्या आसपासचे. सैन्यात होते एवढं सगळ्यांना ठाऊक, त्यापलीकडे कुणाला काही नाही. मामंजींशी त्यांचा जुना घरोबा, म्हणून मला सूनबाई म्हणतात. जूनच्या सुरुवातीला पाण्याच्या टाकीचा हिशेब घेऊन आले आणि टेबलावर नजर जाताच उभेच राहिले.

"सूनबाई, सेंच्युरियन न्हवं ह्यो?"

मी खुशीत म्हटलं, "कसा झालाय काका?"

काका खाली वाकले, चष्मा वर केला. "झ्याक झालाय. पण लगीनघरातनं आल्यावानी दिसतोय. आमचा असा कधी न्हवता." मग हात न लावता, पुढच्या भागातल्या उजव्या बाजूच्या छोट्या झाकणाकडे बोट केलं. "म्या हितं बसायचो. डायवर."

तोवर चिरंजीव धावत आले. डोळे चमकत होते. "काका! तुम्ही लढाईत होता? किती रणगाडे उडवलेत तुम्ही? किती माणसं मारली?"

काकांनी हिशेबाचा कागद घडी करून खिशात घातला. "चला, नळाला पानी आलं आसंल," म्हणाले आणि गेले. पाणी यायला अजून दोन तास होते.

आठ दिवस काका वर आले नाहीत. जिन्यात भेटले तर मान हलवून पुढे जायचे. चिरंजीवांना रागवावं तर त्यांनी काय वाकडं विचारलं? खोक्यावरच्या चित्रात आग आहे, धूर आहे, तोफ कडाडते आहे. मूल तेच विचारणार. आणि मी तरी दुसरं काय केलं होतं? महिनाभर त्या लोखंडी वस्तूची कड न् कड घासली, पण ती चालवायला आत कुणी बसत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सासूबाईंचा सुरुवातीचा शब्द मला फार बोचला.

शाळा उघडायच्या आधी दोन दिवस हातात होते. ह्यांना म्हटलं, नगरला जाऊ या. अहिल्यानगर म्हणजे आपलं जुनं नगर, तिथे १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, सैन्याच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं उभारलेलं. पहिल्या महायुद्धाच्या काळच्या रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून १९६५ मध्ये हाती लागलेल्या पॅटन रणगाड्यांपर्यंत कितीतरी वाहनं तिथे ओळीनं उभी आहेत. आपल्या देशात आवडीला बांधलेला विजयंताही आहे.

सेंच्युरियनपुढे आम्ही उभे राहिलो तेव्हा माझा पोळपाटावरचा रणगाडा कुठच्या कुठे पळाला. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर बुरूज, आणि चालकाचं झाकण केवढं, तर आपल्या पिंपाच्या झाकणापेक्षा फार मोठं नाही. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, आत चार माणसं मावत असतील?"

चार माणसं असतात. कमांडर, तोफ चालवणारा, गोळे भरणारा आणि चालक. चालक एकटा पुढे, उजवीकडे. झाकण लावलं की बाहेरचं जग त्याला काचेच्या फटींतून दिसेल तेवढंच. याच जातीच्या 'फॅमागुस्ता' नावाच्या रणगाड्यात, १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांना वीरमरण आलं. जन्म पुण्याचा, वय एकवीस. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. माझ्या मुलापेक्षा आठ वर्षांनीच मोठा मुलगा, हे मनात आल्यावर मी त्या झाकणाकडे फार वेळ पाहू शकले नाही.

परत आल्यावर चिरंजीव एकटेच खाली गेले. मी जिन्यात थांबले होते, हे कबूल करते. "काका, चुकलं माझं. मला एवढंच सांगा, आत बसल्यावर पाय कुठे ठेवायचात?"

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग काका म्हणाले, "पाय व्हय? बस, सांगतो."

तपशील भरताना

दुसऱ्या दिवशी काका वर आले ते एक चिठ्ठी घेऊनच. पेन्सिलीनं रणगाड्याचं चित्र काढून, कुठे काय अडकवलेलं असे ते लिहिलेलं : अंथरुणाच्या वळकट्या, बादली, जाळी, दोर. "संसार समदा भायेरच," म्हणाले. "आत जागा कुठली?" मग हसून एक गंमत सांगितली, तीही सूनबाईला खास म्हणून. सेंच्युरियनमध्ये पाणी उकळायचं विजेचं भांडं बसवलेलं असतं. रणगाडा करणाऱ्या इंग्रजांना चहाशिवाय लढाई सुचत नव्हती! इतक्या अवाढव्य यंत्रात मला कळेल अशी एक वस्तू निघाली, तेव्हा फार बरं वाटलं.

तर मैत्रिणींनो, इथून पुढचं काम तुमच्या-माझ्या डब्यातलं आहे.

वळकट्या : हातरुमालाचा पातळ टिश्यू कागद फेविकॉल घातलेल्या पाण्यात भिजवायचा, घडी घालून गुंडाळायचा आणि ओला असतानाच जागेवर ठेवून चिमट्यानं सुरकुत्या पाडायच्या. वाळला की कडक होतो, मग रंगवायचा. बांधायला शिवणाचा दोरा, मेणावरून ओढून घेतलेला, म्हणजे त्याचे तंतू उभे राहत नाहीत. इथे करंगळीचं माप आठवा. त्या करंगळीएवढ्या माणसाला ती वळकटी पुरेल का, असं स्वतःला विचारायचं. माझी पहिली वळकटी लग्नातल्या गादीएवढी झाली होती.

जाळी : जखमेला बांधायच्या गॉजचा तुकडा हिरव्या-तपकिरी रंगात बुडवून, फेविकॉलच्या पाण्यानं बसवायचा. हा गॉज सासूबाईंनी आपल्या औषधांच्या डब्यातून आपण होऊन काढून दिला, हे मुद्दाम नोंदवते.

वायरलेसची तार : उरलेल्या चौकटीची काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत धरायची. मऊ पडली की बाजूला घेऊन दोन्ही टोकं सावकाश ओढायची. केसासारखी तार निघते. हे काम मोठ्यांनीच करायचं आणि खिडक्या उघड्या ठेवून.

खाचा आणि कडा : गडद तपकिरी रंग खूप पातळ करून खाचांत सोडा, वरचा लगेच पुसा. खाचा उठून दिसतात, करंजीची मुरड तळल्यावर दिसते तशा. मग फिक्या हिरव्या रंगात ब्रश बुडवून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि कडांवरून हलका फिरवायचा. झिजलेला पत्रा डोळ्यांना दिसू लागतो.

धूळ : हा माझ्या शाळेचा प्रसाद. तपकिरी, पिवळा आणि पांढरा खडू वेगवेगळे कुटून, मिसळून, कोरड्या ब्रशनं चाकांवर आणि झडपांच्या खालच्या भागावर लावायचा. काका शेजारी बसून सांगत होते, "हितं जास्त. वर कमी. हितं पाय दिऊन आमी चढायचो, हितली धूळ गेलेली." चढायच्या जागी पाय लागून रंग गेला असेल, हे मला कुठल्या माहितीच्या घडीत मिळालं असतं?

पावसाळ्यात एक जपा. दमट हवेत वॉर्निश फवारलंत तर पांढरट ढग येतो. कोरडा दिवस बघा, नाहीतर थांबा. आम्ही श्रावण पुरा थांबलो.

आता राहिलं ते झाकण. चिरंजीवांनी मार्चमध्ये ते बंद करून चिकटवलं होतं. काकांनी एकदाच विचारलं, "ते उघडं ऱ्हाईल का?" सिमेंटचा जोड सुटत नसतो, कापावा लागतो, तोही रंगवलेल्या अंगावर. मी नव्या पात्यानं अर्धा तास ती रेष कोरली. एक कड उडालीच. आत काळा रंग दिला, झाकण उघडं बसवलं. मुलगा म्हणाला, "काका, इथे चालकाचा पुतळा बसवू? डोकं बाहेर काढलेला?"

काका म्हणाले, "नगं. जागा मोकळी ऱ्हाऊ दे."

का, ते आम्ही विचारलं नाही. मुलानंही नाही. मार्चमधला माझा मुलगा असता तर विचारलं असतं.

यंदा खंडेनवमीला सासूबाईंनी पाटावर विळी, कात्री आणि शिवणयंत्राच्या सुईबरोबर माझं कटर आणि चिमटाही मांडला. रणगाडा मांडायचा का, असं मी विचारलं. "तो नको," म्हणाल्या, "तो कपाटातच असू दे." पण झेंडूचं एक फूल कपाटापुढे ठेवलेलं मला नंतर दिसलं.

रणगाडा काकांना भेट द्यायचा असं आम्ही मायलेकांनी ठरवलं होतं. काकांनी हात जोडले. "घरी नगं, सूनबाई. हितंच बरा हाय. म्या येत जाईन." दर गुरुवारी माझी शाळा लवकर सुटते. त्या दुपारी काका येतात, चहा घेतात, पाच-दहा मिनिटं कपाटासमोर बसतात. कधी बोलतात, कधी नाही.

आता तुमची सुरुवात

पहिल्यांदाच करणार असाल तर एकदम रणगाडा नको. १/७२ मधलं लहानसं विमान घ्या. आमच्या टेबलावर सध्या 'नॅट' आहे, १९६५ आणि १९७१ मध्ये आपल्या हवाई दलानं वापरलेलं. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों हेच विमान घेऊन एकटे लढले आणि गेले. हवाई दलाला मिळालेलं परमवीरचक्र आजवर तेवढं एकच. खरं विमान जेमतेम नऊ मीटर लांब, नमुना साडेबारा सेंटिमीटर, तुमच्या वितीपेक्षाही लहान. एक युक्ती : ज्याचं एक चाक नाकाखाली असतं, अशा विमानाचे दोन भाग जोडण्यापूर्वी नाकात वजन भरा. मुलांच्या खेळायच्या चिकणमातीत लोखंडी नट दाबून बसवले तरी चालतं. विसरलात तर विमान शेपटीवर बसतं आणि मग काही उपाय नाही. हे कशावरून सांगते, ते विचारू नका.

खर्चाचं म्हणाल, तर परदेशी संच चांगल्या सुती साडीच्या किमतीला जातो. म्हणून वर्षाला एक-दोनच घ्या, पण दोन महिने पुरवा. सुरी आणि सिमेंट लहान मुलांच्या हाती देऊ नका, घासताना नाकाला रुमाल बांधा. झालेला नमुना काचेच्या कपाटात, थेट उन्हापासून दूर ठेवा. धूळ बसलीच तर फडकं फिरवायचं नाही, तार मोडते. चेहऱ्याला पावडर लावायचा मऊ ब्रश घेऊन हलक्या हातानं झटकायची.

आमच्या रणगाड्यावर मात्र मी ब्रश फिरवत नाही. त्यावरची धूळ काकांनी सांगून लावलेली आहे.